‘मानापमाना’ची जमाखर्चाची बाजू

‘संगीत मानापमान’ ज्यानें कधीं पाहिलें नाहीं त्याच्याही कानांवरून त्यांतलें एखादें पद गेलेलें असतेंच. त्या पदांची स्तुति आजवर पुष्कळ झाली. आमच्या वाचकांत पेढीवाले व दुकानदार बरेच आहेत. त्यांच्यापुढें आज आम्ही या नाटकाची दुसरी बाजू मांडणार आहों, ती जमाखर्चाची.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारनें १९१० सालीं बंदी घातली. कीचकांत कर्झनसाहेब दिसतात हें प्रेक्षकांस कळलें होतें, तसेंच तें सरकारासही कळलें. त्यानंतर खाडिलकरांनीं किर्लोस्कर नाटक मंडळीस ‘मानापमान’ दिलें, व १२ मार्च १९११ रोजीं मुंबईच्या रिपन थिएटरांत त्याचा पहिला प्रयोग झाला. श्रीमंतीच्या डौलांत वाढलेली भामिनी गरीब सेनापति धैर्यधरास झिडकारते, आणि पुढें वनमालेच्या वेषांत त्याच्याच गुणांवर भाळते. पैसेवाला लक्ष्मीधर मात्र भित्रा ठरतो. गोविंदराव टेंबे यांनीं पूर्वेकडील ठुमरीच्या ढंगाच्या चाली लावून नाट्यसंगीतास नवें वळण दिलें. भामिनी बालगंधर्वांनीं व धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांनीं केला. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, तरी प्रयोग झाला. ही गोष्ट नटाच्या निष्ठेची म्हणून सांगतात, व ती तशी आहेच. पण ज्या धंद्याचा सारा भार एका माणसाच्या गळ्यावर आहे, त्या धंद्यांत त्या माणसास रडावयासही रजा नसते, हेंही तिच्यांत दिसतें.

तेव्हांची नाटकमंडळी म्हणजे एक फिरतें गांवच. नट, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, सर्वांचें बिऱ्हाड एकत्र. पडदे व ट्रंका रेल्वेनें जात, आणि पुणें, नागपूर, बेळगांव, हुबळी, बडोदें, इंदूर अशा शहरीं आठवडेच्या आठवडे मुक्काम पडे. पावसानें खेळ बुडाला तरी पंगत बसवावीच लागे. उत्पन्न त्या त्या रात्रीचें, खर्च मात्र बारमाही. अशा धंद्यास गल्ल्यापेक्षां शिलकेची गरज अधिक, हें कोणताही किराणा दुकानदार सांगेल. परंतु खुर्चीवर बसून टाळी देणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांनीं तें मंडळीस सांगितल्याचें फारसें ऐकिवांत नाहीं. उधारी मात्र त्यांनीं सढळ हातानें दिली.

जोगळेकर १९११ सालींच निवर्तले. मंडळींत बेबनाव झाला, आणि १९१३ सालीं बालगंधर्व, टेंबे व गणपतराव बोडस या तिघांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमान’ही तिच्या बरोबर फिरूं लागलें. १९१५ सालीं टेंबे बाहेर पडले, मागाहून बोडसही गेले. दोष कोणाचा होता याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. परंतु भागीदार गेले म्हणजे खर्चावर बोट ठेवणाराही जातो, हा वकिलीच्या धंद्यांतला आमचा नित्याचा अनुभव आहे. मग शालू अस्सल भरजरी हवा, अत्तर उंची हवें, साथीदार देशांतले नामांकित हवेत. आणि प्रेक्षकांनाही तेंच हवें होतें. कर्ज वाढत गेलें.

या ओझ्याखालीं असतांनाच ८ जुलै १९२१ उजाडला. लोकमान्यांस जाऊन वर्ष भरत आलें होतें. टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत ‘संयुक्त मानापमान’ झालें: गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्शाचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मालक एका रंगमंचावर उभे राहिले आणि गर्दी अशी लोटली कीं तिची आठवण शंभर वर्षांनंतरही निघते. स्वतःच्या दारीं सावकार असतां त्या रात्रीचें उत्पन्न राष्ट्राच्या पदरांत टाकणें हा व्यवहार चोपडींत चुकीचा दिसेल. तो चुकीचा होता असें म्हणावयास आम्ही धजत नाहीं. बालगंधर्वांनीं पुढें वर्षानुवर्षें खेळ करून कर्ज फेडलें.

केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, वारले. वय अवघें एकतीस. १९०८ सालीं हुबळीस त्यांनीं उभी केलेली ललितकलादर्श मंडळी त्यांच्या मागें बापूराव पेंढारकरांनीं चालविली, आणि बापूरावांनंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीं ती पुन्हां उभी केली. गंधर्व मंडळीस असा वारस लाभला नाहीं. बोलपट आले, १९३५ सालीं प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत बालगंधर्व एकनाथ झाले, आणि नंतर पुन्हां रंगभूमीवर आले. परंतु तोंवर वय उतरलें होतें, आणि मंडळीच्या नांवांतला गंधर्व हीच मंडळीची सारी मालमत्ता होती.