संसार बदलतो, व्यवसाय बंद का पडावा?

"ताई, यंदा चकल्या-अनारसे करणार ना? आमचे दोन किलो धरा."

"यंदा नाही हो. मुलीचं दहावीचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळतात. त्याच्या पुढच्या वर्षी घराचा रंग निघतो. चौथ्या वर्षी ताई पुन्हा कढई चढवतात, तेव्हा गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते. मग घरातलेच कुणी तरी म्हणते, "जाऊ दे, नाही तरी फावल्या वेळचाच उद्योग होता."

हा संवाद पुण्यातला असेल, तसाच इंदूर-बडोद्यातल्या मराठी घरातलाही. मुलीची दहावी आहे म्हणून वडिलांनी नोकरी सोडल्याचे कधी ऐकले आहे का? मग घरून चालणारा व्यवसायच प्रत्येक अडचणीत पहिला बळी का ठरतो? कारण त्याला व्यवसाय मानलेलेच नसते, आणि पुष्कळदा ती चूक स्वतः गृहिणीचीही असते.

सात जणी आणि ऐंशी रुपये

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच 'लिज्जत पापड' उभा राहिला. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. या यशाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे; पण त्यातली खरी युक्ती पाहण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर मळले जाते, बाई ते घरी नेऊन आपल्या सवडीने लाटते आणि दुसऱ्या दिवशी पापड तोलून देऊन मजुरी घेते. म्हणजे कामाचा जो भाग घरच्या वेळात बसतो, तेवढाच घरी येतो.

दुसरे उदाहरण गिरणगावातले. गिरणी कामगारांना घरगुती खाणावळीतून जेवण देणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन करून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. पुढे १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावत गेले आणि जेवायला येणारे कामगारही पांगले. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबणे किती धोक्याचे, हे तेव्हा कळले.

बाळ लहान असताना

खाद्यपदार्थांची कामे दोन प्रकारची. एक घड्याळावर चालणारी. डबा बाराच्या आत पोहोचलाच पाहिजे, उकडीचे मोदक नैवेद्याच्या वेळी गरमच हवेत. दुसरी, अर्धवट ठेवता येणारी. भाजणीची धान्ये आज निवडली, उद्या भाजली आणि परवा दळून आणली तरी बिघडत नाही. घरात तान्हे मूल असेल, तर मेतकूट, भाजणी, गोडा मसाला अशी दुसऱ्या प्रकारची कामे घ्यावीत. मूल रांगू लागले की तळण बंदच ठेवलेले बरे. मिरच्यांचा ठसका बाळाला आणि दमेकरी म्हाताऱ्यांना सोसत नाही. मसाला कांडपावरून करून आणावा. चार पैसे कमी सुटतील, पण काम सुटणार नाही.

परीक्षा आणि आजारपण

मुले शाळेत जाऊ लागली की सकाळचे चार-पाच तास हाती येतात. डब्याचा व्यवसाय या काळात चांगला बसतो. परीक्षेचे वर्ष मात्र आधीच ठाऊक असते, तेव्हा त्याची आखणीही आधीच करता येते. त्या वर्षी नवे गिऱ्हाईक घेऊ नये, जुन्यांना संख्या ठरवून सांगावी आणि परीक्षा संपल्यावर वाळवणाला लागावे.

आजारपण सांगून येत नाही. म्हणूनच शेजारपाजारची एखादी विश्वासू जोडीदारीण हवी. आज तुमच्या चकल्या तिने केल्या, उद्या तिचे लाडू तुम्ही वळलेत. हिशेब मात्र चोख ठेवावा. कृती हातखंड्यावर न ठेवता वजनामापासह वहीत लिहून काढली, तर दुसऱ्या हातूनही तीच चव येते. गिऱ्हाईक एकदा 'एवढेच मिळेल' हे समजून घेते; 'मिळणारच नाही' हे दोनदा ऐकले की परत फिरकत नाही.

पैसा कुणाच्या नावावर?

समजा, किलोभर चकलीला १८० रुपयांचे सामान लागले आणि ती ३०० रुपयांना गेली. १२० रुपये सुटले असे वाटते. पण गॅस, दळण, पिशवी आणि जाण्यायेण्याचे ४० रुपये त्यातूनच गेले. राहिले ८०. तुमचे तीन तास त्यात मोजले का? स्वतःची मजुरी धरूनच भाव ठरवावा. नाही तर उद्या मदतनीस ठेवायची वेळ आली, तर तिला द्यायला पैसे कुठून आणणार?

आणि आलेला पैसा जातो कुठे? आता गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे पाठवते. पण पुष्कळ घरांत तो नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. वाणसामानात, फीमध्ये पैसे विरघळतात आणि वीस वर्षे राबूनही बाईच्या हाती शिल्लक दाखवायला काही नसते. घराला हातभार जरूर लावावा, पण खाते स्वतःच्या नावाचे असावे आणि दरमहा ठरावीक रक्कम बाजूला पडावी. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते १५ वर्षांचे असते. मूल बालवाडीत असताना उघडले, तर ते कॉलेजात जाईपर्यंत चांगली पुंजी जमते.

खाद्यपदार्थ विकताना अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आवश्यक आहे, मग ते घरी केलेले का असेनात. छोट्या उद्योगांसाठी जुलै २०२०मध्ये सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क होते. २०१५च्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची सोय करण्यात आली. ही कागदपत्रे हाती असली, तर बँकेत आणि घरातही व्यवसायाला व्यवसाय म्हटले जाते.

पिल्ले उडाल्यावर

मुले मार्गी लागली की वेळच वेळ असतो. पण आता गुडघे आणि कंबर बोलू लागतात. व्यवसाय वाढवायचा हाच काळ, मात्र राबण्याचे काम मदतनिसांवर सोपवून चवीवर आणि हिशेबावर नजर ठेवावी. निवृत्त यजमानांनी बिले आणि पोहोचवणे पाहिले, तर दोघांचाही दिवस छान जातो. सूनबाईंनी हा वारसा चालवावा असे वाटणे साहजिक आहे. पण तो लादू नये, आणि तिने हात लावला तर तिलाही मजुरी मिळावी. आपल्याला जे मिळाले नाही, ते तिला द्यायची ही संधी असते.

तेव्हा पुन्हा दहावीचे वर्ष आले आणि कुणी फराळाचे विचारले, तर एवढेच म्हणा, "यंदा दोन किलो नाही जमणार, एकच किलो देते. पण देते नक्की."