वाटेवरचे अन्न आणि पाणी : बारामती ते सराटी

परगावी गेलेल्या मनुष्याला दोन प्रश्न प्रथम पडतात : पोट कोठे भरावयाचे आणि तहान कोठे भागवावयाची. युरोपातील एखाद्या शहरी चार दिवसांच्या सफरीस जाणारा प्रवासी हे प्रश्न खाणावळींच्या याद्या चाळून सोडवितो. त्याच्या खिशात पैसा असला म्हणजे बाकीची काळजी तेथील नगरपालिका वाहते. परंतु ज्येष्ठ-आषाढात बारामतीहून इंदापुराकडे पायी चालणाऱ्या लाखो प्रवाशांना हेच दोन प्रश्न रोज नव्या गावी, उघड्या माळावर आणि सर्वांना एकाच वेळी पडतात. अन्नाच्या प्रश्नाचे उत्तर समाजाने फार पूर्वी शोधून ठेविले. पाण्याचे उत्तर मात्र पुष्कळ उशिरा सापडले, आणि ते दर वर्षी नव्याने द्यावे लागते.

तुकाराममहाराजांच्या पालखीची प्रथा त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केली असे सांगतात. देहूहून निघालेला हा सोहळा पुणे, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करीत बारामतीस येतो आणि पुढे सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने पुणे जिल्ह्याची हद्द ओलांडतो. काटेवाडीस धोतरांच्या पायघड्या व मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीस व इंदापुरास गोल रिंगण, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या गर्दीच्या मागे चुली कशा पेटतात हे मात्र थोडेच लोक पाहतात.

वारकरी एकटा जेवत नाही. तो आपल्या दिंडीत जेवतो. दिंडीस क्रमांक असतो, तिची जागा रथापुढे की रथामागे हे ठरलेले असते, आणि प्रत्येक जण निघण्यापूर्वी आपली भिशी, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी, भरतो. शिधा, भांडी आणि आचारी घेऊन दिंडीची मालमोटार पालखीच्या आधीच मुक्कामी पोहोचते. पूर्वी हेच काम बैलगाडी करीत असे. भजन म्हणत लोक तळावर येतात तोवर भात शिजलेला असतो. एवढ्या समुदायाचा स्वयंपाक एका ठिकाणी करू गेल्यास तो कधीच वेळेवर होणार नाही. शेकडो दिंड्यांनी शेकडो चुली मांडल्या म्हणूनच तो होतो. लष्कराच्या भटारखान्यासही हेवा वाटावा अशी ही योजना कोणत्याही कचेरीने आखलेली नाही.

दिंडीच्या जोडीला गावे असतात. यवतचे पिठले-भाकरी तर प्रसिद्धच आहे. परंतु बारामतीच्या पुढेही ज्या गावावरून पालखी जाते ते गाव आपापल्या ऐपतीप्रमाणे चहा, केळी, चुरमुरे, लाडू घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहते. घराघरांतून भाकऱ्या थापून एका ठिकाणी जमा करतात. हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. येथले खरे अन्न ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे आणि शेंगदाण्याची चटणी. प्रवासाच्या दृष्टीने पाहता या अन्नाची निवड फारच शहाणपणाची आहे. भाकरी वाळली तरी नासत नाही, चटणीत पाण्याचा अंश नसल्याने ती आठ दिवस टिकते, आणि पीठ दुधात भिजवून केलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. ज्या पदार्थात पाणी कमी तो वाटेवर भरवशाचा, हे घरच्या बायकांना सूक्ष्मदर्शक यंत्र निघण्यापूर्वीच कळले होते.

अन्न मिळत असे, पण कोणाच्या पंक्तीत, हा प्रश्न पूर्वी फार टोचणारा होता. इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या होत्या. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी निबंधात त्यांनी नोंदले आहे की, त्यांच्या दिंडीत ब्राह्मण व मराठा एकत्र भजन करीत, पण जेवावयास वेगवेगळे बसत. समतेचा घोष करणाऱ्या वाटेवर ताट वेगळे पडावे, ही गोष्ट त्यांना सलली होती, आणि ती कोणालाही सलावी अशीच होती.

आता पाणी. पंगतीत भेद होता, पण विहिरीत शिरलेल्या रोगाने भेद मानला नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धातही पंढरीच्या यात्रेमागून पटकीची साथ अनेकदा गावोगाव फिरली. यात्रेकरू ज्या ओढ्यात अंग धूत, त्याच ओढ्यातून प्यावयाचे पाणी भरीत. बारामतीस कऱ्हा, दक्षिणेस नीरा आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर-पूर्वेस भीमा अशा नद्या असल्या, तरी जेव्हा पालखी येते तेव्हा पावसाचा पहिला लोंढा रानातली सारी घाण घेऊनच नदीत उतरतो. नीरेच्या डाव्या कालव्याने या दोन तालुक्यांत ऊस आणला; परंतु कालव्याचे वाहते पाणी दिसावयास निर्मळ असले तरी प्यावयास निर्धोक नसते, हे समजावयास लोकांना वेळ लागला.

या बाबतीत युरोपची शहरे आपल्याहून उपजत शहाणी होती असे मुळीच नाही. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकी उसळली. जॉन स्नो नावाच्या वैद्याने घरोघर चौकशी करून असे दाखविले की, बहुतेक मृतांनी ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे पाणी प्यालेले होते. जवळच्या एका कॉफीगृहात जेवणाबरोबर त्याच पंपाचे पाणी देत. आपली नऊ गिऱ्हाइके दगावल्याचे मालकिणीने स्नोला सांगितले. उलट त्याच रस्त्यावरील दारूच्या भट्टीतील कामगार बियर पीत, पंपाचे पाणी पीत नसत, आणि ते बहुतेक वाचले. यावरून कोणी बियरचे माहात्म्य काढू नये. बियर तयार करताना पाणी उकळलेले असते, एवढाच त्यातला अर्थ. पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यास या रोगाचा जंतू निश्चित केला आणि संशयाला जागा उरली नाही.

त्या ज्ञानाचे फळ आज बारामती-इंदापूर मार्गावर दिसते ते टँकरच्या रूपाने. पालखी येण्यापूर्वी विहिरी व टाक्या क्लोरीनने शुद्ध करतात आणि त्या पाण्याची तपासणी होते. येथे एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी : क्लोरीन टाकताक्षणी पाणी शुद्ध होत नाही, त्यास निदान अर्धा तास द्यावा लागतो, आणि पाणी गढूळ असल्यास ते आधी तुरटीने निवळून घ्यावे, नाही तर औषध गाळातच खर्ची पडते. शंका असेल तेथे खळखळून उकळलेल्या पाण्याइतके विश्वासाचे दुसरे काही नाही. रस्त्यावरचा चहा म्हणूनच सरबतापेक्षा बरा. उसाच्या रसात दोष रसाचा क्वचित, बर्फाचा पुष्कळदा असतो.

एवढे करूनही जुलाब लागलेच तर घाबरून पाणी बंद करणे हा सर्वांत घातक उपाय होय. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य रुग्ण वाचविले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक दिंडीच्या आचाऱ्यास पाठ असावे. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त होता कामा नये.

वारीखेरीज इतर दिवसांत या भागात येणाऱ्या प्रवाशाची गोष्ट निराळी. त्याने भिगवणला थांबावे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, भीमेचे पाणी मागे पसरले, पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. आणि ज्वारीच्या या मुलखात मासळीची बाजारपेठ उभी राहिली. तेथील चिलापी तव्यावरून थेट ताटात येते. गळ्यात माळ असणाऱ्याने अर्थात पुढे निघावे. इंदापुराच्या बाजारी डाळिंबे उत्तम मिळतात, आणि फळ स्वतःच्या हाताने सोललेले असले म्हणजे चिंता नाही.

सराटीस मुक्काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पादुकांना नीरेचे स्नान घालतात. नदीकाठी त्या वेळी पाय ठेवावयास जागा नसते. वारकरी नीरेत बुडी मारतात, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतात. दिंडीत डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चालणारी बाई मात्र नदीकडे पाठ करून काठावरच्या टँकरपुढील रांगेत उभी असते. पुढे अकलूजपर्यंत तिच्या मागे चालणारी माणसे त्याच कळशीतले पाणी पिणार असतात.