मोबाइल-हेडसेटने ड्रोन उडवताना सावधान!

वर्धा : ड्रोनवरील कॅमेऱ्याचे दृश्य थेट डोळ्यांसमोर पाहत उड्डाण करण्याच्या पद्धतीला 'एफपीव्ही' म्हणतात. त्यासाठीचे खास गॉगल महाग असल्याने अनेक हौशी मंडळी मोबाइल बसवण्याच्या हेडसेटकडे वळतात. गुगलने २०१४ मध्ये आणलेल्या 'कार्डबोर्ड'पासून असे हेडसेट स्वस्तात मिळू लागले.

ड्रोनकडून ५.८ गिगाहर्ट्झवर येणारे चित्र छोटा रिसीव्हर ओटीजी केबलद्वारे फोनला पुरवतो. अ‍ॅप पडद्याचे दोन भाग करून दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दाखवते. त्यामुळे अंतराचा नेमका अंदाज येत नाही.

खरी अडचण विलंबाची. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. चित्र ०.२ सेकंद उशिरा दिसले, तर ड्रोन २ मीटर पुढे गेलेला असतो. शहरालगतच्या पिपरी मेघेसारख्या वस्तीत एवढे अंतर विजेच्या तारेला धडकण्यास पुरेसे आहे. म्हणून असा हेडसेट मोकळ्या मैदानात, कमी वेगातच वापरावा.

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो' ड्रोनसाठी वैमानिक परवाना लागत नाही. मात्र उड्डाणापूर्वी 'डिजिटल स्काय'वर त्या क्षेत्रातील निर्बंध तपासणे बंधनकारक आहे. उडवणाऱ्याचे डोळे झाकलेले असल्याने ड्रोनवर नजर ठेवणारा जोडीदार शेजारी हवाच.