सुई टोचली तर लपवू नका

आपल्या मुली जीएनएम, बीएस्सी नर्सिंगला जातात. वॉर्डातली ड्युटी सुरू झाली की आपण घरचे रात्रपाळीची, येण्याजाण्याची चौकशी करतो. एक गोष्ट मात्र विचारायची राहून जाते. वापरलेली सुई बोटात टोचते आणि सिस्टर ओरडतील म्हणून मुलगी गप्प बसते.

अशा वेळी जखम दाबून रक्त काढू नये. साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच वॉर्ड इन्चार्जला सांगावं. डॉक्टरांना गरज वाटली तर एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. हिपॅटायटिस-बी लसीचे ३ डोस ड्युटीआधीच पूर्ण करावेत.

मुलीने घरी सांगितलं तर आपण रागावू नये. शिक्षण बंद करण्याची भाषा तर नकोच. त्या भीतीनेच मुली लपवतात.