मोठा इंग्रजी शब्द फोडून पाहा



आपल्या भागातील कितीतरी मुले मराठी किंवा हिंदी माध्यमातून शिकून पुढे कॉलेजात जातात. तिथे विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत असतात. विषय समजत असतो, पण फोटोसिंथेसिस, मेटामॉर्फिक असे लांबलचक शब्द पाहून धीर सुटतो आणि विज्ञान शाखाच नको वाटते. यावर एक सोपा उपाय आहे. शब्द पाठ करण्याआधी तो फोडून पाहायचा. मराठी व्याकरणात आपण समासाचा विग्रह करतो ना, अगदी तसाच!

विज्ञानातील असे बरेच शब्द ग्रीक भाषेतील तुकडे जोडून तयार केलेले आहेत. काही तुकडे पाहू या :

फोटो – प्रकाश
थर्मो – उष्णता
हायड्रो – पाणी
बायो – जीवन
जिओ – पृथ्वी
टेली – दूर
मायक्रो – सूक्ष्म
ग्राफ – लिहिणे
मीटर – माप
स्कोप – पाहणे
लॉजी – शास्त्र

आता जोडा. मायक्रो आणि स्कोप म्हणजे सूक्ष्मदर्शक. थर्मो आणि मीटर म्हणजे तापमापक. बायो आणि लॉजी म्हणजे जीवशास्त्र. आपले मराठी शब्दही तसेच जोडून केलेले आहेत, म्हणून मराठी शब्द आठवला की इंग्रजी शब्दाची फोड सोपी जाते. संत्र्याच्या हिरव्या पानात उन्हाच्या मदतीने अन्न तयार होते, ते प्रकाशसंश्लेषण. फोटो म्हणजे प्रकाश आणि सिंथेसिस म्हणजे एकत्र जोडणे.

आपल्या सौंसरचे नाव भूगर्भशास्त्राच्या, म्हणजे जिऑलॉजीच्या, पुस्तकांत आहे हे ठाऊक आहे का? मँगनीज असलेल्या इथल्या प्राचीन खडकांच्या गटाला 'सौंसर समूह' म्हणतात. हे खडक मेटामॉर्फिक आहेत. मेटा म्हणजे बदल, मॉर्फ म्हणजे रूप. झाला की नाही 'रूपांतरित खडक'?

ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातील भाषा. म्हणून काही तुकडे तर आपल्या ओळखीचेच निघतात. पेंटा म्हणजे पंच, हेप्टा म्हणजे सप्त, ऑक्टा म्हणजे अष्ट, डेका म्हणजे दश. नकार दाखवायला आपण 'अशक्य' म्हणतो, पण पुढे स्वर आला की 'अनावश्यक'. ग्रीकमध्येही तसेच आहे. 'टॉम' म्हणजे कापणे, म्हणून जो कापता येत नाही तो अ‍ॅटम. 'आर्की' म्हणजे सत्ता, म्हणून सत्ताच नसणे म्हणजे अ‍ॅनार्की, आपले अराजक.

आणखी एक गंमत. परीक्षा केंद्रातला 'केंद्र' हा शब्द फार पूर्वी ज्योतिषशास्त्राबरोबर ग्रीकमधून संस्कृतात आला. मूळ शब्द 'केंट्रॉन', म्हणजे टोक. त्याच शब्दापासून इंग्रजीत 'सेंटर' झाला. म्हणजे केंद्र आणि सेंटर ही सख्खी भावंडेच!

स्पेलिंगलाही याचा उपयोग होतो. 'फ' चा उच्चार असून पी-एच लिहिलेले दिसले, किंवा 'क' चा उच्चार असून सी-एच दिसले, तर तो शब्द बहुधा ग्रीक मुळाचा असतो. फोटो आणि केमिस्ट्री ही त्याची उदाहरणे.

मात्र एक काळजी घ्या. सारखे दिसणारे तुकडे नेहमी एक नसतात. पेडिअ‍ॅट्रिशियन म्हणजे बालरोगतज्ज्ञ. त्यातला तुकडा ग्रीक, अर्थ 'मूल'. पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी. त्यातला तुकडा लॅटिन, अर्थ 'पाय'. म्हणून आधी शब्द फोडा, अर्थाचा अंदाज करा आणि मग शब्दकोशात खात्री करून घ्या.

वहीची शेवटची दोन पाने यासाठी राखून ठेवा आणि रोज एक शब्द फोडून लिहा. आजचे शब्द आम्ही देतो : जिओग्राफी, बायोग्राफी, टेलिग्राफ, हायड्रॉलॉजी. वरची यादी पाहून अर्थ लिहा आणि उद्या वर्गात आपल्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवा.