झिजलेल्या रस्त्याचा जागीच पुनरुपयोग

रस्ता झिजला की त्यावर खडी-डांबराचा नवा थर चढविणे, हा आपल्याकडील रूढ उपाय होय. थरावर थर चढून रस्ता उंचावतो, कडेच्या घरांचे उंबरठे खाली राहतात आणि पावसाचे पाणी आत शिरते. शिवाय प्रत्येक थरासाठी नवी खडी फोडावी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात ही खडी ज्या काळ्या पाषाणाची, त्याच पाषाणात वेरूळची लेणी कोरलेली आहेत. हा पाषाण विपुल असला, तरी फोडलेली टेकडी पुन्हा उभी राहत नाही.

वस्तुतः जुन्या थरातील खडी सहसा निकामी झालेली नसते. ऊन व हवा यांच्या योगाने कठीण आणि ठिसूळ होते ते तिला बांधून ठेवणारे डांबर. बोलीत ज्यास डांबर म्हणतात, ते आज कोळशापासून नव्हे, तर खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे बिटुमेन असते. जुन्या अर्थाची खूण ‘डांबराच्या गोळ्या’ ह्या प्रयोगात राहिली आहे. एरवी ते सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. इमल्शनमध्ये मात्र त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात, जसे दुधात स्निग्धांशाचे. ‘पयस्’ म्हणजे दूध. म्हणून परिभाषेतील ‘पायस’ ही संज्ञा अन्वर्थक ठरते.

ह्या पद्धतीत यंत्राने साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर जाडीचा जुना थर खरवडतात. त्यात शेकडा २ ते ४ पायस, थोडे पाणी व किंचित सिमेंट मिसळून मिश्रण तेथेच पसरतात आणि रुळाने दाबतात. पायस फुटले, म्हणजे पाणी वेगळे होऊन डांबर खडीला चिकटले, की तपकिरी रंग काळा होतो. थर सुकल्यावर त्यावर पातळ आवरण घालतात. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये डांबरी रस्त्यांच्या पुनरुपयोगाविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे.

तथापि ह्या उपायास मर्यादा आहेत. पावसाळ्यात थर सुकत नाही. तसेच मराठवाड्यातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते; भेगा तिच्यामुळे पडल्या असतील, तर केवळ वरचा थर सुधारून भागत नाही. म्हणून आधी रस्ता खणून पायाची परीक्षा करणे अगत्याचे होय. पाया सुस्थितीत असेल, तेथे मात्र खडी वाचते आणि उंबरठाही रस्त्याच्या वरच राहतो.