दाद मागायची कुठे?

भोपाळच्या वायुपीडितांचा दावा अमेरिकेत चालवा, अशी मागणी खुद्द भारत सरकारने केली होती. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांमधल्या हजारो माणसांचे जीव त्याने घेतले. कारखाना भोपाळचा असला तरी सूत्रं अमेरिकेतून हलत होती; मग जाबही तिथेच विचारायला हवा होता. मे १९८६ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश कीनन यांनी मात्र भारतीय न्यायालयं समर्थ आहेत असं सांगून दावा परत पाठवला. सरकारने सुमारे ३३० कोटी डॉलर मागितले होते. १९८९ मध्ये ४७ कोटींवर तडजोड झाली. २०१० मध्ये शिक्षा झाली ती भारतीय अधिकाऱ्यांना, दोन-दोन वर्षांची. मूळ कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन खटल्याला उभेच राहिले नाहीत आणि २०१४ मध्ये वारले. वाढीव भरपाईची याचिका सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

परदेशात धंदा करणाऱ्या कंपन्यांचा ठरलेला बचाव भोपाळमध्ये लख्ख दिसला. कागदोपत्री उपकंपनी वेगळी, मूळ कंपनी वेगळी. नफा वर चढतो, जबाबदारी खालीच राहते. गेली चाळीस वर्षं जगभरचे पीडित या एकाच भिंतीवर धडका देत आहेत.

२०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जॉन रगी यांनी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मानवी हक्कांचा आदर राखणं ही कंपन्यांचीही जबाबदारी आहे, हे त्यांत स्पष्ट लिहिलं गेलं. पण ती न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती. दोनच वर्षांनी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला आणि युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी कपडे शिवणारे अकराशेहून अधिक कामगार त्याखाली चिरडले गेले. नुसत्या सदिच्छेवर भागत नाही, हे त्यानंतर युरोपलाही नाकारता येईना. २०१७ मध्ये फ्रान्सने बड्या कंपन्यांवर दक्षतेचं कायदेशीर बंधन घातलं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळात कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. किडीचा जोर होता, फवारणीवर फवारणी चालली होती. एवढ्या उंच पिकात नळी वर धरावी लागते आणि औषधाचे तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर, छातीवर उतरतात. पाठीवर पंप, घामाने भिजलेला सदरा, नाकाला फार तर रुमाल. डब्यावरच्या सूचना बारीक अक्षरांत, आणि रोजाने आलेल्या मजुराच्या हाती डबा येतोच असं नाही. त्याला मिळतो तो भरलेला पंप. उलट्या, घेरी आणि डोळ्यांपुढे अंधार घेऊन शेकडो माणसं सरकारी दवाखान्यात दाखल झाली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले.

फवारलेल्या औषधांत स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीचं ‘पोलो’ होतं. त्यातलं डायफेन्थियुरॉन हे रसायन खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरायला बंदी होती. कंपनीने आरोप नाकारले. आपल्या १९६८च्या कीटकनाशक कायद्यात पीडिताला भरपाई देण्याची तरतूदच नाही. तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये, तीन वर्षांची मुदत संपत आलेली असताना, दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी कंपनीच्या गावी, बाझेलमध्ये दाद मागितली. आणखी ५१ कुटुंबांची तक्रार स्विस सरकारच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे गेली. ती २०२२ मध्ये समेटाविना बंद झाली. मात्र २०२१पासून या रसायनाच्या निर्यातीवर स्वित्झर्लंडने बंदी घातली. जे स्वतःच्या शेतात चालत नाही ते दुसऱ्याच्या शेतात पाठवू नये, एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला इतकी माणसं जावी लागली.

या काळात उलटा धडाही मिळाला. मुंबईत भंगाराच्या व्यापारातून सुरुवात केलेल्या अनिल अग्रवाल यांच्या वेदांत समूहाची तांब्याची खाण झांबियात होती. खाणीच्या सांडपाण्याने पाणी आणि शेतं नासली, अशी चिंगोलाजवळच्या गावकऱ्यांची तक्रार होती. इंग्लंडमध्ये नोंदलेल्या मूळ कंपनीवरचा त्यांचा दावा तिथेच चालू शकतो, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला. २०२१ मध्ये दोष मान्य न करता कंपनीने तडजोड केली. न्यूयॉर्कने भोपाळला नाकारलेलं दार लंडनने झांबियाला उघडलं. आणि या वेळी प्रतिवादीच्या जागी भारतीय नाव होतं.

वाट सरळ मात्र नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये स्विस मतदारांपैकी ५०.७ टक्के लोकांनी कंपन्यांना परदेशातल्या हानीबद्दल जबाबदार धरण्याच्या बाजूने कौल दिला, पण बहुसंख्य प्रांत विरोधात गेल्याने प्रस्ताव पडला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दक्षतेचा निर्देश मंजूर केला आणि पुढच्याच वर्षी तो सौम्य करण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगानेच आणला.

चाळीस वर्षांत जे काही मिळालं, त्यातलं बरंचसं पीडितांनी परक्या देशाच्या कोर्टापर्यंत जाऊन मिळवलं आहे. तरीही कोणत्या डब्यातलं विष अंगावर पडलं हे सिद्ध करण्याचा भार आजही यवतमाळच्या विधवेवरच आहे, आणि रसायनाच्या चाचण्यांचे कागद कंपनीच्या कपाटात. हा भार उलटा फिरला पाहिजे. काळजी घेतली होती हे कंपनीने दाखवावं, आणि उपकंपनीच्या आड मूळ कंपनीला लपता येऊ नये. बाझेलकडे हे मागताना आपल्या कंपन्यांनाही तोच नियम लावण्याची तयारी हवी. झांबियातल्या शेतकऱ्याला भारतात दाद मिळेल असा कायदा आपण केला, तर यवतमाळसाठी न्याय मागणारा आपला आवाज कितीतरी खरा ठरेल.